पाऊस + जोराचा वारा असताना डोंगरमाथ्यावर जावं का? आणि रेनकोट असूनही आतून भिजतो त्याचं काय करायचं?

पायवाट:
मंडळी, शनिवारी आम्ही चौघं एका डोंगरावर जायचं म्हणतोय, चढ हजारेक मीटरचा आहे आणि शेवटचा टप्पा उघड्या धारेवरून. अंदाजात दिवसभर पाऊस आणि माथ्यावर ताशी ५०-६० किमी वारा दाखवतोय. पावसात चालायची सवय आहे पण एवढ्या वाऱ्यात कधी गेलो नाही. दुसरं म्हणजे रेनकोट चांगला असूनही चढताना घामाने आतून पार ओला होतो आणि जरा थांबलं की हुडहुडी भरते. काय करता तुम्ही?

रानवारा:
पावसाचं सोडा, आधी वारा बघा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो, म्हणजे ३० ला मजेत चालणारा माणूस ६० ला अक्षरशः ढकलला जातो, आणि अंदाजातला आकडा सरासरी असतो, झोत त्याच्याही वर जातात. ६२ च्या पुढे ब्युफोर्ट स्केलवर (वाऱ्याचा जोर मोजायची पट्टी) ८ नंबर लागतो, तिथे सपाटीवर चालणंही अवघड. धारेवर आणि खिंडीत तर वारा अजून जोर धरतो. बरं, वारा एका बाजूने लागला की आपण नकळत त्याच्यावर रेलून चालतो, मग झोत अचानक थांबला की तोल त्याच बाजूला जातो, आणि त्या बाजूला कडा असेल तर विषय संपला. म्हणून कडेपासून लांब चाला, झोत आला की पाय फाकवून खाली बसा. माझं मत विचाराल तर धार सुरू होण्याआधी एक जागा आत्ताच ठरवा, तिथे सरळ उभं राहता येत नसेल तर मागे फिरायचं, तिथे पोचून चर्चा करत बसायचं नाही.

ओले_बूट:
घामाबद्दल सांगते. निघतानाच थोडी थंडी वाजायला हवी, अंगात ऊब घेऊन निघालात तर पंधरा मिनिटांत घाम येणारच. बगलेतल्या चेन असतील तर उघड्या ठेवा आणि मुख्य म्हणजे हळू चला, बोलताना धाप लागत असेल तर स्पीड जास्त आहे. आत कॉटन अजिबात नको, एकदा भिजलं की वाळत नाही आणि अंगाची ऊब ओढत राहतं, लोकर किंवा सिंथेटिक घाला. थांबलात की थंडी वाजायची वाट न बघता लगेच जाड जॅकेट चढवा. हजार मीटर वर गेलं की साधारण साडेसहा डिग्री उतरतात हो, खाली १४ असेल तर वर सात-आठ, त्यात ओले कपडे आणि वारा. हायपोथर्मियाला, म्हणजे अंगाचं तापमान धोकादायक उतरायला, बर्फ लागत नाही!!

धुकेकर:
+१ आणि एकमेकांवर लक्ष ठेवा. ‘ठीक आहेस ना’ विचारून उपयोग नाही, गारठलेला माणूस ठीकच म्हणतो. हात बघा. चेन लावताना बोटं चाचपडतायत, बिस्किटाचा पुडा फोडता येत नाही, बोलणं जड झालंय, सपाट वाटेवर ठेच लागतेय, गप्प गप्प आहे, यातलं काही दिसलं की आडोसा, कोरडे कपडे, गोड खाणं आणि खाली. ऊब न मिळताच कुडकुडणं थांबलं तर ते बरं वाटतंय म्हणून नाही, परिस्थिती गंभीर झालीय, लगेच मदत बोलवा.

पायवाट:
फार उपयोगी, धन्यवाद! धारेच्या आधी एक मोठा खडक आहे तीच जागा ठरवतो. सॅकला रेन कव्हर आहे, तेवढं पुरेल ना?

रानवारा:
नाही पुरणार, कव्हर वाऱ्यात फुगून उडतं आणि पाठीकडून पाणी शिरतंच. सॅकच्या आत मोठी जाड प्लॅस्टिक पिशवी घाला, त्यात सगळं. कागदी नकाशा पण ठेवा, ओल्या बोटांनी फोनचा टच नीट चालत नाही. शिट्टी प्रत्येकाकडे हवी, मदतीची खूण म्हणजे मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून परत. आणि वाटेत ओढा असेल तर सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी मांडीपर्यंत असू शकतं, उतरायला ओढा न लागणारी वाट आहे का ते आधी बघून ठेवा.