सी विंग ग्रुप : चिनूचा फायटर आजारी आहे

सी-२०४, चिनूची आई (मंगळवार, रात्री ८:४०)
नमस्कार मंडळी. ग्रुपचा विषय नाही, पण आपल्याकडे मासे पाळणारं कोणी आहे का? चिनूचा निळा फायटर कालपासून बाऊलच्या तळाशी बसून आहे. शेपटी मिटलेली, कडा काळपट आणि कुरतडल्यासारख्या. आज एकही दाणा खाल्ला नाही. पोर नुसती रडतेय.

सी-३०१
वहिनी, सगळं पाणी बदलून टाका लगेच.

सी-१०२
टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकतात म्हणे पाण्यात. घरात आहे माझ्या, पाठवू का?

सी-५०३, काका
थांबा. कॅप्सूल अजिबात नको, आणि नळाचं पाणीही घालू नका. आधी सांगा, बाऊल किती लिटरचा? पाणी कधी बदललं, कसं बदललं?

चिनूची आई
तीनेक लिटरचा असेल काका. दर रविवारी सगळं पाणी ओतून देते, बाऊल स्वच्छ घासते आणि नळाचं ताजं भरते. परवाही तसंच केलं.

सी-५०३, काका
परवा म्हणजे आपली वरची टाकी धुतली त्याच दिवशी.

सी-६०१
अरे हो! माझे गप्पीसुद्धा सोमवारपासून वर येऊन तोंड उघडझाप करतायत. मला वाटलं थंडीमुळे.

सेक्रेटरी
टाकी धुतल्यावर ब्लीचिंग पावडर टाकली होती. वास जास्त येतोय असं दोन घरांतून सांगितलंही होतं. माशांचं माझ्या डोक्यात आलं नाही. आधी कळवायला हवं होतं, चूक झाली.

सी-५०३, काका
क्लोरीनने माशांचे कल्ले भाजतात. गप्पींना श्वास घेता येत नाहीये, म्हणून ते वर येतायत. सी-६०१, माझ्याकडे अँटिक्लोरीनचे थेंब आहेत, आत्ता येऊन घेऊन जा. फायटर तगला कारण त्याला हवेतूनही श्वास घेता येतो, डोक्यात त्यासाठी वेगळा अवयव असतो. मूळचा थायलंडकडचा, भातखाचरातल्या उथळ पाण्यातला मासा हा. म्हणून दुकानदार त्याला वाटीएवढ्या भांड्यात ठेवून विकतात. तो मरत नाही, पण दुखणं अंगावर काढत राहतो. चिनूच्या आई, शेपटीच्या कडा दोन दिवसांत अशा होत नाहीत. हे आधीपासून चालू असणार.

चिनूची आई
दिवाळीनंतर थोडी विरलेली वाटत होती. मला वाटलं तशीच असते.

सी-५०३, काका
आता एक करा. खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने, तिरका धरा. अंगावर सोनेरी धूळ शिंपडल्यासारखी दिसते का? मग मिठाच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके आहेत का बघा. शेवटी वरून बघा, खवले फुलून उभे राहिलेत का, पोट सुजलंय का.

चिनूची आई (९:०५)
चिनूने टॉर्च धरला. धूळ नाही, ठिपके नाहीत. खवले अंगाला चिकटलेले आहेत. फक्त कडा काळ्या, आणि एका ठिकाणी लालसर रेघ.

सी-५०३, काका
मग हा फिन रॉट. जिवाणूंमुळे पर झिजतात. खवले उभे नाहीत हे ऐकून जीव भांड्यात पडला. माझा एक लाल फायटर त्या दुखण्यात गेला. खवले पाइनच्या फळासारखे उभे राहिले की आतून मूत्रपिंडच गेलेलं असतं बहुतेक वेळा, मग हातात फारसं काही राहत नाही.

सी-१०२
मग जिवाणूंवर कॅप्सूल चालेल ना काका?

सी-५०३, काका
ताई, त्याचं दुखणं पाण्यातून आलंय. तीन लिटरमध्ये त्याची विष्ठा आणि उरलेले दाणे कुजून अमोनिया होतो. तो पचवणारे चांगले जिवाणू काचेवर, खड्यांवर वाढतात, ते दर रविवारी घासून जात होते. त्यात जानेवारीची थंडी. आज पहाटे माझ्या हीटर नसलेल्या टाकीत १९ अंश होते, याला २५ ते २७ लागतात. पाणी तेच ठेवून औषध दिलं तर आठवड्याने पुन्हा तेच. अंदाजाने अँटिबायोटिक तर नकोच.

चिनूची आई
मग आत्ता काय करू?

सी-५०३, काका
माझा २० लिटरचा जुना टँक आणि छोटा हीटर रिकामाच आहे, घेऊन येतोय. थेंब टाकून पाणी तयार करू, २५ अंशांवर आणू. मासा एकदम टाकायचा नाही. त्याच्या पाण्यासकट डब्यात घेऊन तासभर थोडं थोडं नवं पाणी मिसळायचं. चार-पाच लिटरला एक सपाट चहाचा चमचा खडे मीठ, वेगळं विरघळवून. सैंधव, काळं मीठ नको. आठ-दहा दिवस ठेवू. रोज चौथाई पाणी बदलायचं आणि मीठ फक्त बदललेल्या पाण्यापुरतंच घालायचं, नाहीतर वाढत जातं. दोन दिवस खायला काही नाही.

सी-२०४, आजी
मी रोज पोळीचा चुरा घालत होते हो. त्याने तर नाही ना झालं?

सी-५०३, काका
आजी, मायेनेच घातलात. पण हा किडे-अळ्या खाणारा मासा आहे, पोळी त्याला पचत नाही आणि पाणी नासतं. सकाळ-संध्याकाळ दोन-तीन दाणे, बस्स. त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं असं समजा.

सी-३०१
आमच्या आधीच्या घरी बदामाचं पान टाकायचे टाकीत.

सी-५०३, काका
बरोबर आहे. पार्किंगजवळच्या देशी बदामाची आपोआप गळलेली, तपकिरी पानं घ्या. हिरवं नको. धुऊन एक टाका. पाणी चहासारखं होईल, घाबरू नका. माळीदादांना विचारा मात्र, फवारणी केली असेल तर राहू दे.

सी-६०१ (बुधवार, सकाळी ७:१५)
दोन गप्पी गेले. बाकीचे खाली पोहतायत. थँक्यू काका.

चिनूची आई (शनिवार)
आज वर आला आणि दोन दाणे खाल्ले! काळी कड आणखी पुढे सरकलेली नाही.

चिनूची आई (पुढच्या शनिवारी)
काका, शेपटीच्या कडेला काहीतरी पारदर्शक आलंय, पातळ प्लास्टिकसारखं. बुरशी आहे का?

सी-५०३, काका
फोटो बघितला. बुरशी कापसासारखी दिसते. हा नवा पर आहे, आधी असाच बिनरंगी येतो, निळा नंतर भरतो. आता बदलत्या पाण्यात मीठ घालणं बंद करा. चिनूला रोज रात्री टॉर्च धरून बघू दे.

सेक्रेटरी
यापुढे टाकी धुवायच्या दोन दिवस आधी ग्रुपवर मेसेज टाकीन. मासेवाल्यांनी बादल्या भरून ठेवा.