पदाची शपथ देवाच्या नावानेच का?

तिरकस:
सार्वजनिक पदावर बसणाऱ्याला धार्मिक शपथ सक्तीची असावी का? माझ्या मते अजिबात नाही. ब्रिटनमधला चार्ल्स ब्रॅडलॉ आठवा. १८८० मध्ये नॉर्थहॅम्प्टनमधून खासदार झाला. नास्तिक होता, म्हणून म्हणाला, मला देवाविना प्रतिज्ञा करू द्या. नाही म्हणाले. बरं, मग शपथच घेतो म्हणाला, तर ‘तुझा देवावर विश्वास नाही, तुझी शपथ खोटी’ म्हणून तीही घेऊ देईनात! हटेना तेव्हा घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडला. मतदार पुन्हा पुन्हा निवडून देत होते, सभागृह पुन्हा पुन्हा अडवत होतं. शेवटी १८८६ मध्ये आत घेतला. १८८८ च्या कायद्याने प्रतिज्ञेची वाट सगळ्यांना मोकळी झाली. गंमत अशी, की मनातलं गिळून मुकाट शपथ घेतली असती तर पहिल्याच दिवशी खुर्ची मिळाली असती. खरं बोलला म्हणून अडकला.

जुनं_खोड:
सक्ती नको, मान्य. पण ब्रॅडलॉच्या आडून तुम्ही देवालाच हाकलताय. कायद्याची भीती पकडलं जाण्याची असते. मानणाऱ्याला शपथेची भीती कोणी बघत नसतानाही असते. ती फुकट मिळत असेल तर का टाकायची? आपल्या घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत ईश्वरसाक्ष शपथ आणि गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा, दोन्ही पर्याय शेजारीशेजारी आहेत. ज्याला जे पटेल ते म्हणावं. मिटला वाद.

शंकासुर:
मिटला कसा? पर्याय ठेवला की निवड चारचौघांत करावी लागते. कोण काय मानतो याची जाहीर हजेरीच ती. सगळ्यांना एकच मजकूर द्या, त्यात देव नको. ज्याला प्रार्थना करायची त्याने घरी करून यावं.

जुनं_खोड:
@शंकासुर मत मागताना देवळं, दर्गे, चर्च सगळं फिरून झालेलं असतं. शपथेच्या वेळीच कसली लाज?

शंकासुर:
लाज नाही हो, किंमत. लायोनेल रॉथशिल्ड हा ज्यू माणूस १८४७ मध्ये ब्रिटिश संसदेवर निवडून आला. शपथेत ‘ख्रिस्ती माणसाच्या खऱ्या श्रद्धेवर’ अशा अर्थाचे शब्द होते. ते उच्चारणार नाही म्हणाला. जागा मिळाली १८५८ मध्ये!

वाचनमात्र:
सगळे आस्तिक-नास्तिक करताय. शपथेला चिवट विरोध क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा, आणि ते पक्के श्रद्धाळू. बायबलातच ‘शपथ घेऊच नका’ असं आहे. शपथ घेतली तर एरवी खोटं बोलतो असं कबूल केल्यासारखं होतं, हा त्यांचा मुद्दा. मला तो इथल्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा भारी वाटतो.

तिरकस:
+१. शिवाय हे सगळं जुनंपुराणं नाही. सान मारिनो या युरोपातल्या चिमुकल्या देशात १९९३ मध्ये निवडून आलेल्यांना ‘बायबलवर शपथ घ्या, नाहीतर जागा जाईल’ असं सांगितलं होतं. १९९९ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तो धर्मस्वातंत्र्याचा भंग ठरवला.

टाकबोरू:
मी कोर्टात साक्षी टंकतो. पदाचा विषय नाही, पण शपथ रोज ऐकतो. बहुतेक जण ती एका दमात, शेवटचे दोन शब्द गिळून म्हणतात. एका बाई मध्येच थांबल्या. म्हणाल्या, “देवाला यात नका आणू, मी तशीच खरं सांगते.” मग त्यांच्याकडून प्रतिज्ञा घेतली.

जुनं_खोड:
मग? साक्ष टिकली का?

टाकबोरू:
टिकली. उलटतपासणीत वकिलाने अर्धा तास घेतला, एक शब्द हलला नाही. त्याच दिवशी देवाची शपथ घेतलेल्या एका आजोबांचाही हलला नाही.

शंकासुर:
मग सिद्ध काय झालं?

टाकबोरू:
ते न्यायाधीशांना विचारा. मी फक्त टंकतो.