रद्दीत मिळालेला जुना कथासंग्रह: कसर, कुबट वास आणि पानांचा हिशेब

गोदाकाठ (परभणी)
रद्दीच्या गठ्ठ्यात १९६२ सालचा कथासंग्रह मिळाला. डेमी आकार, २०८ पानं. पुठ्ठा निखळलाय, कसर लागलीय, वास कुबट. मोबाइलपायी सलग वाचन सुटलं होतं, पण हे पुस्तक खाली ठेववत नाही. उन्हात टाकू का? पानं पूर्ण आहेत का, हे कसं कळेल?

पुठ्ठेवाला (लातूर)
उन्हात नको! त्या काळचा स्वस्त कागद आम्लानं आधीच पिवळा पडलेला. आपल्या वैशाखात तापला की कोपरा दुमडताच मोडतो.

आधी कसर मारा. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. साध्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्याचा भरवसा नाही. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर हवेतलं बाष्प गार कागदावर धरतं आणि डाग पडतात. मग मऊ कोरड्या ब्रशनं शिवणीकडून कडेकडे झाडा. ओलं फडकं लावायचं नाही.

वासासाठी झाकणाच्या डब्यात वाटीभर खाण्याचा सोडा, वर जाळी, जाळीवर पुस्तक, आठवडाभर. सोडा पानांवर भुरभुरू नका. डांबराच्या गोळ्यांनी एक वास जाऊन दुसरा बसतो.

फर्मा (नांदेड)
पानांचं सोपं आहे. फर्मा म्हणजे छापील तावाची घडी घालून झालेला पानांचा गठ्ठा; असे गठ्ठे शिवून पुस्तक होतं. डेमीचा फर्मा बहुधा १६ पानी, म्हणजे तुमचे १३ फर्मे. पान १७, ३३, ४९ अशा प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो: २, ३, ४. तो ओळीनं बघत जा. तपासता तपासता माणूस कुठल्यातरी पानावर हमखास अडकतो. अडकू द्या, वाचन असंच परत लागतं.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावाल तर काही वर्षांत तपकिरी पट्टा उरेल. मैद्याची खळ करा: एक चमचा मैदा, पाच चमचे पाणी, मंद आचेवर ढवळत चकाकी येईपर्यंत. गार झाल्यावर पातळ कागदाची पट्टी चिकटवा. बाइंडर खळीत मोरचूद घालतात, किडा लागू नये म्हणून. पण ते विष आहे, घरच्या भांड्यात नको. थोडी करा, ताजी वापरा.

सांजवाचक (हिंगोली)
कथासंग्रह आहे हे बरंच झालं. पहिल्या पानापासूनच लागायची सक्ती नाही, सगळ्यात आखूड कथा आधी घ्या. मोबाइल दुसऱ्या खोलीत. उलटा करून शेजारी ठेवणं म्हणजे न ठेवल्यासारखंच. पुस्तक पूर्ण उताणं करू नका, उशीवर अर्धवट उघडं ठेवा, शिवण वाचते. खुणेला पेन्सिल, तीही हलकी.

गोदाकाठ
फर्मे बघितले. ९६ नंतर थेट ११३!

फर्मा (नांदेड)
म्हणजे सातवा फर्मा अख्खा गायब. एवढा सलग गठ्ठा कोणी फाडत नाही. एक तर दोरा तुटून गळाला, नाहीतर बांधणीतच राहिला. सहावा किंवा आठवा दोनदा आलाय का बघा, बायंडिंगमधली ही नेहमीची गफलत. जिल्ह्याच्या ‘अ’ वर्ग वाचनालयात हीच आवृत्ती शोधा आणि ९७ ते ११२ची झेरॉक्स घ्या. दुसऱ्या आवृत्तीत पानांचे आकडे सरकलेले असतात, तिथं आकडा न बघता वाक्य जुळवा. तोवर ९६च्या आत संपणाऱ्या कथा आहेतच.