जनरेटर आणि ग्रास कटरसाठी पेट्रोल: कोणते घ्यावे, कसे साठवावे?

पौडरस्ता (प्रश्न):
मी कोथरूडला राहतो. मुळशी तालुक्यात आमचे छोटे घर आणि बाग आहे. पावसाळ्यात तिथे वीज वारंवार जाते, म्हणून दोन केव्हीएचा पेट्रोल जनरेटर घेतला आहे. शिवाय टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑईल मिसळून चालणारा) ग्रास कटर आहे. जनरेटर तासाला साधारण पाऊण लिटर पेट्रोल घेतो आणि पंप लांब असल्यामुळे थोडा साठा ठेवणे भाग आहे. हल्लीचे इथेनॉल मिसळलेले पेट्रोल या इंजिनांना चालेल का, जास्त ऑक्टेनचे (म्हणजे इंजिनातील दाबाखाली वेळेआधी पेट न घेणारे) घ्यावे का, आणि ते किती, कशात व कुठे ठेवावे, याबद्दल जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

जुना_मिस्त्री:
ऑक्टेनसाठी जास्त पैसे मोजू नका. या इंजिनांचे कॉम्प्रेशन (आतला दाब) कमी असते, त्यामुळे साध्या पेट्रोलवर ती व्यवस्थित चालतात. खरा प्रश्न पेट्रोल किती ताजे आहे हा आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. मुळशीच्या पावसात अर्धवट भरलेला कॅन किंवा टाकी महिनोन्महिने तशीच राहिली, की पाणी पुरेसे जमल्यावर इथेनॉल त्या पाण्यासह वेगळे होऊन तळाशी बसते, आणि इंजिन पेट्रोल ओढते तेही तळातूनच. त्याआधीच पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो, उरलेल्याचा चिकट थर कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या) जेटमध्ये, म्हणजे बारीक छिद्रात, बसतो आणि नेमकी गरज असते त्या रात्री जनरेटर सुरू होत नाही. म्हणून महिनाभरात संपेल इतकेच आणा, कॅनवर तारीख लिहा, आणि उरलेले वेळेत स्कूटरमध्ये ओतून ताजे भरा. मोठा खंड पडणार असेल तर पेट्रोल कॉक (टाकीखालची तोटी) बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो; माझ्या मते पेट्रोलमध्ये घालायच्या कोणत्याही महागड्या रसायनापेक्षा ही सवय अधिक उपयोगी आहे. यंत्राच्या पुस्तिकेत इथेनॉलची दहा टक्क्यांचीच मर्यादा असेल, तर रबरी नळ्या आणि सील यांविषयी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सोसायटी_सचिव:
साठ्याबाबत कायदा स्पष्ट आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय एकूण ३० लिटरपर्यंतच ठेवता येते, आणि धातूचे भांडे २५ लिटरपेक्षा मोठे असता कामा नये. कायद्याने चालणाऱ्या भांड्यांत काच, चिनीमाती व धातू एवढेच आहेत, आणि पहिल्या दोन्हींना एक लिटरची मर्यादा आहे. तेव्हा पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटल्या मनातून काढून टाका. घट्ट झाकणाचा दहा लिटरचा लोखंडी कॅन आपल्याला पुरेल. तो काठोकाठ भरू नका, कारण उन्हाने पेट्रोल प्रसरण पावते. भरताना कॅन गाडीच्या डिकीत न ठेवता जमिनीवर ठेवावा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडण्याचा धोका कमी होतो.

जागेबद्दल मी आग्रहाने सांगेन. पेट्रोलची वाफ उणे तापमानातही पेट घेऊ शकते आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते. त्यामुळे स्वयंपाकघर, जिन्याखालची जागा आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळची खोली पूर्णपणे वर्ज्य करा. घरापासून वेगळी, सावलीतली, खालून-वरून हवा खेळणारी आणि कुलूप लागणारी शेड सर्वांत बरी. जनरेटर गरम असताना टाकी कधीही भरू नका.

बागवान_मुळशी:
ग्रास कटरच्या पेट्रोलमध्ये टूटी (2T, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनासाठीचे) ऑईल मिसळताना पुस्तिकेतलेच प्रमाण पाळा: ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. हे मिश्रण वेगळ्या, ठळक नाव लिहिलेल्या कॅनमध्ये आणि त्या आठवड्यापुरतेच करा. जनरेटर फोर-स्ट्रोक (ज्याचे ऑईल पेट्रोलपासून वेगळे असते) असेल तर त्याच्या टाकीत ते चुकूनही जाता कामा नये.

आणखी एक अत्यंत महत्त्वाचे: पाऊस आहे म्हणून जनरेटर पडवीत किंवा खोलीत चालवू नका. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग, आणि उघड्या खिडकीतूनही तो घरात शिरतो. घरापासून दूर, वर छत पण चारही बाजू मोकळ्या अशी जागा करून घ्या आणि धुराचे तोंड घराच्या विरुद्ध दिशेला ठेवा.

पौडरस्ता:
सर्वांचे मनापासून आभार. कॅन दहा लिटरचाच घेतो आणि शेडचे काम पावसाआधी करून घेतो. टाकीत गेल्या पावसाळ्यापासूनचे पेट्रोल आहे, त्याचे काय करावे?

जुना_मिस्त्री:
ते काढून टाका. गाडीत वापरू नका आणि गटारात किंवा मातीत ओतू नका. घट्ट कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजमध्ये द्या, ते टाकाऊ ऑईलबरोबर त्याची सोय करतील का हे आधी विचारून घ्या. टाकीच्या तळाशी पाण्याचे थेंब दिसले, तर कार्बोरेटरची वाटीही उघडून पुसावी लागेल.