केशवराव धोंडग्यांसारखा माणूस आज कंधारातून निवडून येईल का?

मन्याडकाठ (धागा सुरू करणारा)

२०२४ च्या विधानसभेनंतर आमच्या भागातल्या प्रत्येक बैठकीत एकच वाक्य ऐकतोय: "मराठवाड्यात पुरोगामी माणूस आता निवडून येत नसतो." हे ऐकून चळवळीतली चांगली पोरं फॉर्म भरायच्या आधीच मागं फिरतात. मला ते पटत नाही, म्हणून हा धागा.

भाई केशवराव धोंडगे घ्या. नांदेड जिल्ह्यातल्या कंधार तालुक्यातलं गऊळ हे त्यांचं गाव, जन्म २५ जुलै १९२२ चा. निजामाच्या राज्यात वाढले, मुक्तिसंग्रामात उतरले, नंतर शेतकरी कामगार पक्षात आयुष्य घातलं. पाच वेळा आमदार आणि १९७७ ला नांदेडचे खासदार. १ जानेवारी २०२३ ला ते गेले, तेव्हा मन्याड खोऱ्याचा वाघ म्हणून सगळ्यांनी लिहिलं. त्यांची भाषणं आठवली, विधिमंडळातले किस्से आठवले. पण हा माणूस तिथंवर पोचला कसा, याच्यावर फार कुणी लिहिलं नाही.

मुक्तीनंतर आमच्याकडं खेड्यात शाळा नव्हत्या. त्यांनी कंधारात श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी उभी केली. 'जयक्रांती' साप्ताहिक चालवलं. सत्याग्रह तर किती केले. गुराख्यांचं साहित्य संमेलन भरवलं! ज्याच्या हातात काठी आणि खांद्यावर घोंगडं, त्याला त्यांनी मंचावर आणलं, त्याचं गाणं हजारो लोकांपुढं ऐकवलं. त्या गुराख्याच्या घरात मत मागायला वेगळं जावं लागत नव्हतं.

आजचा पुरोगामी उमेदवार निवडणुकीच्या सहा महिने आधी गावात दिसतो. मग हरला की लोक जातीवर गेले म्हणतो. आधी तालुक्यात दहा-पंधरा वर्षं घाला, मग बोला.

उदगीर रोड

भाईंबद्दल पूर्ण आदर ठेवून विरोध करतो. तुम्ही एका माणसाच्या कष्टाला सगळं श्रेय देताय आणि काळ विसरताय.

१९७७ ची लोकसभा बघा. नांदेडला धोंडगे, लातूरला उद्धवराव पाटील, परभणीला शेषराव देशमुख, तिघंही शेकापचे. बीडला माकपचे गंगाधरअप्पा बुरांडे. औरंगाबादला समाजवादी बापू काळदाते, जनता पक्षाकडून. एकाच वर्षी सगळ्या जिल्ह्यांत चांगली माणसं अचानक उगवली होती का? ही माणसं आधीही होती. आणीबाणीचा राग होता आणि विरोधक एकत्र होते, म्हणून निवडून आली.

दुसरी गोष्ट, बीडनं १९६७ ला क्रांतिसिंह नाना पाटलांना भाकपच्या तिकिटावर दिल्लीला पाठवलं. ते मूळचे साताऱ्याकडचे. बीडच्या एखाद्या तालुक्यात दहा वर्षं शाळा काढून बसले नव्हते. हवा आणि विचार यांवरही लोक मत देतात. तुमचा नियम इथं बसत नाही.

मन्याडकाठ

@उदगीर रोड, १९७७ चं मान्य. पण लाट एकदा येते. १९५७ पासून १९९० पर्यंत कंधारनं त्यांना पुन्हा पुन्हा पाठवलं, मध्ये पाडलंही, परत आणलं. ती कुठली लाट? आणि नाना पाटील बीडला नवखे नव्हते हो. प्रतिसरकार चालवलेला माणूस, त्याचं नाव प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात होतं. पार्श्वभूमी तीच, फक्त जिल्ह्यापेक्षा मोठी.

फडावरून

तुमी दोघंबी जुन्याच गोष्टी करायलाव. आता काय चाललंय ते बगा की.

कंधार, मुखेड, लोहा हितली निम्मी वाडी दिवाळी झाली की कोयत्याला, म्हंजी ऊसतोडीला जाती. मुकादमाकडून उचल घेतलेली असती, लेकरंबाळं घेऊन टोळी गाडीत बसती. २०२४ चं मतदान होतं २० नोव्हेंबरला, हंगामाच्या तोंडावर. टोळी सांगली-कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात. मतदानासाठी तिला परत आणायचं म्हणजे गाडी लागती, डिझेल लागतं, बुडालेली मजुरी लागती. ज्याच्याकडं गाड्या त्याच्याकडं मतं. तुमचा पंधरा वर्षं काम केलेला कार्यकर्ता गाडी कुठून आणणार?

आयोगाची खर्चाची मर्यादा ४० लाख हाय. आमच्या माणसाकडं चार लाख नसत्यात. अपक्ष उभा राहायचा तर दहा सूचक लागत्यात, तेवढे मिळत्यात. दहा हजार अनामतबी वर्गणी काढून भरता येती. पण तीनशेच्या वर बूथ असत्यात, आन प्रत्येक बूथवर सकाळपासून सांजंपर्यंत आपला माणूस बसला पाहिजे. त्याला चहा, जेवण द्यावं लागतं. दुपारी दुसऱ्यानं पाचशे दाखवले की तो उठून जातो. मी हे डोळ्यांनी बघितलंय. त्या पोराला दोष देऊ वाटत नाही, त्याच्या घरात त्या दिवशी मजुरी नव्हती.

उदगीर रोड

@फडावरून, माझं म्हणणं तुम्ही माझ्यापेक्षा नीट मांडलंत. काळ बदलला म्हणजे हेच बदललं.

गोदाकाठची

पैशाआधी मला एक विचारायचं आहे. आपण पुरोगामी कुणाला म्हणतोय?

२७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना मारलं. वर्षभरापूर्वी याच मराठवाड्यानं डाव्यांना आणि समाजवाद्यांना भरभरून मतं दिली होती, हे वर उदगीर रोड यांनीच सांगितलं. मग त्या मतदारांचं काय झालं? शेतसाऱ्यासाठी, सक्तीच्या धान्य-लेव्हीसाठी, रोजगार हमीसाठी एकत्र येणारी गावं वस्ती जळताना कुठं होती? नामविस्तारापर्यंत, १४ जानेवारी १९९४ पर्यंत, जवळपास सोळा वर्षं गेली.

मी एका नेत्यावर बोट ठेवत नाही. पण शेतकऱ्याचा प्रश्न मांडला की माणूस आपोआप पुरोगामी, हे समीकरण आपल्याकडं फार सहज मांडलं जातं. उमेदवाराची पार्श्वभूमी तपासायची तर शाळा किती काढल्या याच्याआधी हे विचारा: गावात पाणवठ्यावरून, स्मशानभूमीवरून भांडण झालं तेव्हा हा कुठं उभा होता? तिथं गप्प बसलेल्याला माझं मत नाही, मग तो पंधरा वर्षं राबलेला का असेना.

मन्याडकाठ

@गोदाकाठची, हा प्रश्न मूळ धाग्यातच यायला हवा इतका महत्त्वाचा आहे. पण त्यातून माझा मुद्दा पक्काच होतो. पाणवठ्याच्या भांडणात कोण कुठं उभा होता हे गावाला कधी कळतं? तो आधीपासून गावात असेल तेव्हाच. बाहेरून आलेल्या वक्त्याची ही परीक्षा कधी होतच नाही.

लोहा बसस्टँड

एक उदाहरण कुणीच घेतलं नाही. २०१९ ला लोह्यातून, म्हणजे भाईंच्याच जुन्या भागातून, श्यामसुंदर शिंदे शेकापच्या तिकिटावर निवडून आले. त्या वेळी राज्यात शेकापचे ते एकटेच आमदार. पण शिंदे चळवळीतून आलेले नव्हते, निवृत्त सनदी अधिकारी होते. चिन्ह शेकापचं, ताकद वेगळीच. विचार असलेला माणूस पडतो आणि नातीगोती, पैसा, प्रशासनाची ओळख असलेला त्याच पक्षाकडून येतो, हे सत्य पचवायला पाहिजे. खुद्द भाई असताना १९९५ ला कंधारात शिवसेना आलीच ना? शाळा तेव्हाही होत्या. शिकलेल्या पोरांना नोकरी नव्हती, ती भगवा घेऊन गेली.

उलट सोलापूरकडचं सांगोला बघा. गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार, सगळं शेकापकडून. तिथं सूतगिरणी आहे, हजारो हातांना काम आहे. २०२४ ला त्यांचे नातू बाबासाहेब शेकापकडूनच निवडून आले. आमच्याकडं शाळा झाल्या, कारखानदारी दुसऱ्यांच्या हातात गेली. रोजगाराचं साधन हातात नसेल तर नुसत्या कामावर मत टिकत नाही.

गोदाकाठची

नातवाला मत देण्यात काय पुरोगामी आहे तेही सांगा. सूतगिरणीसोबत घराणंही आलंच की.

लोहा बसस्टँड

@गोदाकाठची, घराण्याबद्दल तुमचं बरोबर आहे. गिरणीबद्दल मी माझ्या मतावर ठाम आहे.

फडावरून

मला अजून एक म्हणायचंय. पंधरा वर्षं काम करा म्हणणं सोपं हाय, पण कामाची जागा कुठं हाय? पैले पोरगं पंचायत समितीला उभं राहायचं, मग जिल्हा परिषद, मग आमदारकीचा विचार. २०२२ ला मुदती संपल्या तवापासून कित्येक वर्षं जिल्हा परिषदेवर प्रशासकच बसला. लोकांनी आपला माणूस बघायचा कुठं, पारखायचा कसा?

मन्याडकाठ

@फडावरून, याला माझ्याकडं तोड नाही, हे खरंच नुकसान आहे. तरीही भाईंनी सुरुवात केली तेव्हा तर जिल्हा परिषदच नव्हती, ती १९६२ ला आली. त्यांच्याकडं साप्ताहिक होतं, शाळा होती, सत्याग्रह होता. तुमच्या टोळीतल्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह चालवणारा, मुकादमाशी उचलीचा हिशोब मांडायला सोबत बसणारा माणूस तुमच्या वाडीत असेल तर त्याचं काम आमच्या बैठकीत येऊन सांगा. पुढच्या वेळी बूथवर जेवणाची सोय आम्ही कंधारची माणसं वर्गणीतून करू.

फडावरून

माणूस हाय. पण गाड्यांचं आधी बोला, जेवणाचं मागून बघू.