बेअर ग्रिल्स: जिगरबाज गडी की नुसता नट?

कातळकडा (धागाकर्ता)
परवा मुलगा विचारत होता, "बाबा, तहान लागली की खरंच हत्तीची लीद पिळून पाणी प्यायचं?" त्याने 'मॅन व्हर्सेस वाइल्ड'चा जुना भाग पाहिला होता. त्यातला बेअर ग्रिल्स हा ब्रिटिश माणूस एकटा जंगलात टिकतो, असं आम्हीही वर्षानुवर्षं मानत आलो. 2007 मध्ये या कार्यक्रमाच्याच एका सल्लागाराने पोलखोल केली. साहेब रात्री हॉटेलात झोपत होते, हवाईतला तराफा आधी टीमने बांधून बघितला होता आणि ते 'रानटी' घोडे चक्क पाळीव निघाले. नंतर डिस्कव्हरी वाहिनीने मदत घेतल्याची पाटी सुरुवातीला टाकली. पाटी टाकली की फसवणूक माफ होते का? माझ्या मते हा उत्तम नट आहे, बस्स.

दऱ्याखोऱ्या
असहमत. 1996 साली आफ्रिकेत पॅराशूट नीट उघडलं नाही, तेव्हा त्याच्या पाठीचे तीन मणके मोडले. आणि 16 मे 1998 ला हाच गडी, वय वर्षं 23, एव्हरेस्टच्या माथ्यावर. ब्रिटिश लष्कराच्या एसएएस या विशेष दलाच्या राखीव तुकडीत होता तो. हॉटेलात झोपला असेल, कड्यावरून उतरताना दोराला तोच लटकलेला असायचा ना? आम्ही इथे लिंगाण्याच्या सुळक्याला जायचं म्हटलं तरी घरी चार दिवस आधीपासून थापा मारतो.

फुकटचंबू
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

एकांडा
दोराला तो लटकायचा, पण शेजारी कॅमेरावालाही लटकलेला असायचा, तोही जड कॅमेरा सांभाळत. त्याचं नाव कुणाला ठाऊक आहे? कॅनडाच्या लेस स्ट्राउडचा 'सर्व्हायव्हरमॅन' बघा. सोबत टीम नाही, सगळे कॅमेरे स्वतःच्या पाठीवर. तो दूर चालत जातानाचं दृश्य दिसतं ना, ते घेतल्यावर बिचाऱ्याला कॅमेरा उचलायला तेवढंच अंतर परत यावं लागायचं. अर्धा वेळ उपाशी बसून माउथ ऑर्गन वाजवतो. कंटाळवाणं आहे, कबूल. पण जंगलात अडकणं असंच कंटाळवाणं असतं.

दऱ्याखोऱ्या
कंटाळवाणं म्हणूनच तुमच्याशिवाय कुणी बघत नाही. :)

घळीतला
नट की जिगरबाज यात मला रस नाही. मी पावसाळ्यात हरवलेल्यांना शोधायला जाणाऱ्यांपैकी आहे. टीव्हीवरचा एक सल्ला सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलाय: पाण्याच्या कडेने खाली जा, वस्ती लागते. सपाट मुलखात लागतही असेल. सह्याद्री म्हणजे बेसॉल्टच्या पायऱ्या. ओढा धरून उतराल तर थेट धबधब्याच्या तोंडाशी पोचाल. खाली दोनशे फूट कातळ, मागे शेवाळलेली घळ. वरही जाता येत नाही, खालीही नाही. गेल्या पावसाळ्यात दोन पोरं अशीच सापडली, गारठून निळी पडलेली. म्हणाली, बेअर असंच करतो. वाट चुकलात तर आहात तिथेच थांबा, शिट्टी वाजवत राहा. थांबून राहिलेल्या माणसाला शोधणं कितीतरी सोपं. पण थांबणाऱ्या माणसाचा कार्यक्रम कोण काढणार?

दऱ्याखोऱ्या
हे मात्र पटलं. तरी दोष त्या पोरांचाही आहेच. 'घरी करून बघू नका' हे तोही सांगतो.

कातळकडा (धागाकर्ता)
सांगतो आणि स्वतः काय करतो? बल्गेरियाच्या रिला राष्ट्रीय उद्यानात बेडूक मारून खाल्ला म्हणून दंड झाला. पुढे पुढे तर जंगल नावालाच उरलं. सोबत बडे पाहुणे: 2015 ला ओबामा, 2019 ला कॉर्बेटमध्ये मोदी, मग बांदीपूरला रजनीकांत आणि अक्षय कुमार. मोदी हिंदीत बोलतात आणि याला सगळं कळतं! शेवटी 'मन की बात'मध्ये मोदींनीच सांगितलं, ग्रिल्सच्या कानात भाषांतराचं यंत्र होतं.

एकांडा
त्यात काय चुकलं? पाहुण्याशी बोलायला नको?

फुकटचंबू
धागा भरकटला. मुलाच्या लिदीचं काय झालं ते सांगा आधी.

कातळकडा (धागाकर्ता)
पाण्याच्या दोन बाटल्या जास्त घ्यायच्या, असं सांगितलं. तो विचारतोय, आपल्याकडे हत्ती कुठे मिळतील?

घळीतला
सिंधुदुर्गात दोडामार्गला येतात. पण तिथे तिलारीचं धरणच आहे, लीद कशाला पिळायची?