दृष्टीच्या पुरचुंड्या विकायला करायच्या आहेत: आत काय घालावं, काय टाळावं?

मिरजेची_माहेरवाशीण

नमस्कार मंडळी. आमच्या बचत गटाने दिवाळीच्या प्रदर्शनात स्टॉल घेतलाय. उटणं, भाजणी सगळेच ठेवतात, म्हणून यंदा खणाच्या कापडात दृष्टीच्या पुरचुंड्या शिवायचं चाललंय. एक दाराला किंवा गाडीत लावायची आणि एक पाळण्याची. माझी आजी काळ्या फडक्यात वेखंड, लसणाच्या दोन पाकळ्या, ओवा आणि एक बिब्बा बांधायची. तेच करावं असं माझं मत. पण गटातली सर्वांत धाकटी म्हणते, हल्ली लोकांना खडे लागतात. काळं टूर्मलीन, अ‍ॅमेथिस्ट वगैरे घातलं की दुप्पट भाव येतो.

बिब्बा ठेवू की नको? वासाला भीमसेनी कापूर घालू का? खडे खरे आहेत हे कसं ओळखायचं? आणि सोबतच्या चिठ्ठीवर ‘नकारात्मक ऊर्जा दूर होते, बाळाचं दुखणं-खुपणं टळतं’ असं लिहिलं तर चालेल ना?

काष्ठौषधीवाली

आमचं पेठेत काष्ठौषधींचं दुकान आहे, सासऱ्यांपासूनचं. श्रावण लागला की अशा पुरचुंड्यांचं सामान न्यायला बायका येतातच. मी प्रत्येकीला आधी एकच विचारते: बांधणार कुठे? दाराची पुरचुंडी आणि पाळण्याची पुरचुंडी यांत एकच सामान घालायचं नाही.

बिब्बा पाळण्याच्या पुरचुंडीत अजिबात नको. त्याच्या टरफलात काळं तेल असतं. पूर्वी परीट त्यानेच कपड्यांवर खुणा करायचे, आणि ती खूण धुऊनही जायची नाही. गरम सुईने टोचलं की ते तेल सुटतं. कातडीला लागलं तर फोड येतात, बिब्बा उतला म्हणतात तो हाच. आंबा, काजू, बिब्बा एकाच कुळातले, त्यामुळे आंब्याच्या चिकाने ज्यांचं तोंड उततं त्यांनी तर बिब्ब्यापासून लांबच राहावं. तुमच्या आजीच्या हातून कधी काही झालं नसेल, कारण ती पुरचुंडी स्वतः बांधायची आणि स्वतःच सोडायची. तुमची मात्र कोणा अनोळखी घरात जाणार, आणि तिथलं दहा महिन्यांचं पोर ती चघळणार. बिब्बा दाराला लावा. आपल्याकडे लिंबू-मिरचीच्या दोऱ्यात तो असतोच, पण तोही उंच.

कापराचं त्याहून गंभीर आहे. २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, कापूर-लवंग-ओव्याची पोटली हुंगली की ऑक्सिजन वाढतो असे निरोप फोनवर फिरत होते. आमच्याकडे रांग लागायची. ऑक्सिजन काही वाढत नाही, नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं इतकंच. लहान मुलाच्या पोटात कापूर गेला तर मात्र झटके येतात, आणि त्याला फार कापूर लागत नाही. भीमसेनी घ्या नाहीतर वडीचा घ्या, यात फरक नाही. पाळण्याच्या पुरचुंडीत कापूर नको, आणि डांबरगोळी तर दाराच्याही नको. गाडीत कापूर ठेवलात तर उन्हात महिन्याभरात उडून जाईल, मग गिऱ्हाईक म्हणणार पुरचुंडी रिकामी निघाली.

वेखंड हवाच. माझ्या मते पुरचुंडी म्हणजे वेखंडच, बाकीचं सगळं सोबतीला. घेताना गाठी मोडून बघा. मोडल्याबरोबर उग्र वास आला पाहिजे. वास नसला तर माल जुना. पूड करू नका, खलबत्त्यात जाडसर भरड करा. पूड कापडातून झिरपते आणि बाळाच्या नाकात जाते. जोडीला सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला, थोडा ओवा, मोहरी. लसूण वगळा. घरी ती चार दिवसांनी बदलता येते, स्टॉलवरच्या मालात ती आतल्या आत कुजेल. पाला ओलसर राहिला तरी बुरशी धरणारच, तेव्हा चुरचुर आवाज येईपर्यंत वाळवा. आत मलमलची पिशवी शिवा, वरून खण.

खडेमीठही घालू नका. पावसाळ्यात ते पाझरतं आणि खणावर डाग पडतात. त्याऐवजी तुरटीचा खडा घाला. तुमच्या धाकटीला क्रिस्टलच पाहिजे ना, मग तुरटी अस्सल क्रिस्टल आहे, आपल्याकडे दारावर काळ्या फडक्यात बांधायची चाल आहे, आणि परवडते. तीही दाराच्याच पुरचुंडीत हं.

दृष्टीबिष्टीचं ज्याचं त्याने ठरवावं. माझ्या नातवाच्या खोलीत वेखंडाची पुरचुंडी आहे, कारण तो वास आला की घरात बाळ आहे असं वाटतं. ती खिडकीच्या वरच्या कडीला आहे, पाळण्याला नाही.

खदानवाला_जळगाव

खड्यांबद्दल मी सांगतो, आमचा खडीचा धंदा आहे. आपला दख्खनचा काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे अपोफिलाइट, स्टिलबाइट असे स्फटिक तयार झाले. खडीसाठी सुरुंग लावला की कधीकधी ते हाती लागतात. परदेशात ‘ऊर्जेचे खडे’ म्हणून जे अपोफिलाइट विकतात त्यातलं बरंचसं जळगाव, नाशिक, पुणे या भागातलंच असतं. बघायचे असतील तर सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे, एकदा गटाची सहल काढा.

ओळखायचं म्हणाल तर स्फटिक, अ‍ॅमेथिस्ट ही सगळी गारगोटीचीच जात. काचेवर घासलं तर काचेला ओरखडा पडतो. नकली काचेच्या मण्याने तो सहसा पडत नाही, आणि भिंगातून बघितलं तर त्यात गोल बुडबुडे दिसतात. ‘ओपलाइट’ नावाने जे दुधाळ निळं मिळतं ती सरळ काच. ‘गोल्डस्टोन’ही काच. स्वस्त फिरोजा बहुतेकदा रंगवलेला पांढरा दगड असतो, ओल्या कापसाला रंग लागतो का पाहा. पिवळं सिट्रीन म्हणून येतं ते बऱ्याचदा भट्टीत तापवलेलं अ‍ॅमेथिस्ट. सेलेनाइट नखानेही खरवडतं, त्यामुळे स्टॉलवर टिकणार नाही.

एक विनंती. घरी ड्रिलने खड्यांना भोकं पाडू नका. गारगोटीची कोरडी धूळ फुप्फुसात बसते. गुजरातेतल्या खंबातचे अकीक घासणारे कारागीर याच धुळीच्या आजाराने, सिलिकोसिसने गेलेत. भोक पाडलेलेच मणी घ्या. आणि लहान मुलाच्या पुरचुंडीत दगड कशाला? पोराने गिळला तर खरा काय नि खोटा काय.

तर्कटी_तात्या

वेखंडाने कीड पळते, दृष्ट नाही. दोनशे रुपयांना लोकांची भीती विकताय.

काष्ठौषधीवाली

तात्या, मी वास विकते. कपाटात ठेवा तुम्हीपण, लोकरीच्या कपड्यांत.

कोर्टाची_पायरी

चिठ्ठीबद्दल कोणीच बोललं नाही. ‘बाळाचं दुखणं टळतं’ लिहू नका. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा आहे. त्यातल्या जादुई उपायाच्या व्याख्येत तावीज, मंत्र, कवच हे शब्द थेट आहेत. अशा वस्तूने आजार बरा होतो किंवा टळतो अशी जाहिरात करणं अडचणीचं आहे, आणि जाहिरातीत लेबल, वेष्टनही येतं. शिवाय महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. साध्या पुरचुंडीशी त्याचा संबंध नाही, पण चमत्काराचे दावे करून पैसे घ्यायला लागलात की चित्र बदलतं. आत काय आहे ते लिहा, ‘परंपरेने दाराला बांधतात’ एवढं पुरे.

मिरजेची_माहेरवाशीण

बापरे, बरं झालं विचारलं. पाळण्याचा प्रकार आम्ही रद्दच केला. त्याऐवजी ‘बाळाच्या खोलीसाठी’ म्हणून खिडकीला टांगायची करतो: वेखंड, कडुनिंब, ओवा. दाराचीत तुरटी आणि मोहरी. बिब्बा स्टॉलवर नकोच, ज्यांना पाहिजे ते आपापला आणतील. धाकटीची समजूत म्हणून दाराच्या पुरचुंडीला बाहेरून एक गारगोटीचा मणी ओवणार आहे, भोक पाडलेला. ताई, एका पुरचुंडीला वेखंड किती लागेल?

काष्ठौषधीवाली

चहाचा एक चमचा भरड, त्याहून जास्त नको, नाहीतर खोलीत डोकं चढतं. आणि चिठ्ठीवर ‘पोटात घेऊ नये, मुलांच्या हाती देऊ नये’ हे मोठ्या अक्षरात छापा. वेखंड बाळगुटीत उगाळतात म्हणून कोणीतरी पुरचुंडी सोडून त्यातलाच तुकडा सहाणेवर घेईल. अमेरिकेत तर १९६८ पासून तो खाण्याच्या पदार्थात घालायला बंदी आहे. दोरी आखूड ठेवा, वीतभर फार झाली. लोंबती दोरी पोरं ओढतात.